पिशवीतली सहावी चिठ्ठी

शुक्रवार, १२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझा खोकला गेला का? इकडे गणवेशांचं काम एकदाचं संपलं. शिलाई मशीन कुरकुरतंय आणि माझी कंबर त्याला साथ देतेय.

चर्चमधल्या तुझ्या तरुण संघाची, मुलं प्रार्थनेच्या चिठ्ठ्या टाकतात ती उसवलेली पिशवी पुन्हा शिवून झाली. नवी नाडी घातलीय.

आता खरं सांगते. तुझ्या भाचीला शनिवारी गणिताचा जादा क्लास लागला, म्हणून ती संघाला येत नाही, असं मी तुला कळवलं होतं. तो लागला नव्हता, मी लावला. गणितात तिला चांगले मार्क पडतात. माझ्याच पोटात दुखत होतं.

शाळा, क्लास, पोहणं उरकून पोरगी घरी येते ती तोंडाला कुलूप लावून. "दिवस कसा गेला?" "बरा." "पेपर?" "बरा." तुझ्याकडून मात्र खिदळत यायची. "आई, मावशी म्हणते, झोप हे देवाचं दान आहे!" अगं, ती पहिलीत होती तेव्हापासून मी झोप झोप म्हणून ओरडतेय, तेव्हा ते दान नव्हतं! मावशी असं म्हणते, मावशी तसं म्हणते. मला मिरच्या झोंबायच्या. नऊ महिने पोटात वागवलं मी, आणि मन मोकळं करायला तू!

चिठ्ठ्या तू एकटीने वाचायच्या आणि प्रार्थना झाली की फाडायच्या, हा नियम मला पाठ आहे. पण वेंधळे, तू पिशवी रिकामी न करताच पाठवलीस. उलटी केली तर मशीनवर सहा चिठ्ठ्या पडल्या. पाच न वाचता परत टाकल्या. सहावीवरचं अक्षर मीच हात धरून गिरवून घेतलेलं. वाचली.

"शनिवारचा संघही गेला, म्हणून ही चिठ्ठी रविवारी चर्चमध्ये पिशवीत टाकतेय. शाळेत जाताना छातीत धडधडतं. आईला सांगणार नाही, ती आधीच दमलेली असते. मावशी, तिच्यासाठी प्रार्थना कर. ती कशी आहे, हे तिला कुणीच विचारत नाही."

खूप रडले. आणि सांगायला लाज वाटते, पण रडतानाही जळले. माझ्या हातच्या कापडाच्या पिशवीला जे कळलं, ते मला नाही.

काल क्लास बंद केला. धडधडीबद्दल विचारायला तिच्या खोलीत गेले, तर तोंडातून निघालं, "दूध घेतेस?" ती म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?"

चिठ्ठी वाचली हे तिला सांगायचा धीर अजून होत नाही. पिशवीत आता सात चिठ्ठ्या आहेत. सातवी माझी.

उद्या हे पत्र आणि पिशवी घेऊन तीच तुझ्या दारात उभी असेल. तिला खुशाल हसव. फक्त घरी येईपर्यंत पुरेल एवढं हसू तिच्याजवळ राहू दे.

तुझी,
अजून जळणारी
ताई