राजपुत्राला सात पूर्वज हवेत

तोक्तोसुनदादा,

बिश्केकहून तुमच्या धाकट्या सुयुमकानचा सलाम. गुडघा कसा आहे? घोडी व्याली का? वहिनींनी पाठवलेले दह्याचे वाळवलेले गोळे पोचले (पिशवीला भोक होतं, निम्मे बसमधल्या मंडळींनी खाल्ले असावेत). आम्ही दोघी मजेत आहोत. ‘दोघी’ वाचून कपाळाला आठ्या घालू नका. अक्माराल आता सहा वर्षांची झाली. अनाथालयातून तिला घरी आणलं तेव्हा तुम्ही विचारलंत, “ही कुणाची?”, आणि त्यानंतर माझ्या घराचा उंबरा ओलांडला नाहीत. माझा राग अजून गेलेला नाही, पण आज भांडायला लिहीत नाहीये.

इथे मुलांसाठी परीकथेचा कार्टून सिनेमा बनतोय आणि त्यात मला आजीच्या आवाजाचं काम मिळालंय. दिग्दर्शक तिलेक म्हणून आहे. पोरगा गुणी, पण डोक्यात सगळे बाहेरचे सिनेमे. त्याची पहिली राजकन्या पाहून मी चाटच पडले. केस सोनेरी, डोळे निळे (एकेक बशीएवढा), नाक जवळजवळ नाहीच, आणि डोक्यावर तेवढी आपली टोपी! मी विचारलं, “बाळा, ही पाहुणी कुठून आली?” तर म्हणाला, “आपा, राजकन्या अशाच असतात.” असं ठरवलं तरी कुणी, याचं मला खरंच कुतूहल वाटलं. अक्माराल रोज माझ्याबरोबर यायची. तिनं त्याला सरळ विचारलं, आमच्यासारख्या दिसणाऱ्या मुलींनी सिनेमात फक्त मेंढ्याच राखायच्या का? तिलेकचे कान लाल झाले. थोड्याच दिवसांत राजकन्येला बसकं नाक, बारीक डोळे आणि थंडीनं फुटलेले गाल मिळाले. अक्माराल पडद्याला नाक लावून बघत राहिली. मला रडू आलं, लपवत नाही.

मग तिलेकनं मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना सिनेमा दाखवला. शेवटी लग्न होतं. दिवे लागले तसे बेक्तुर आजोबा काठी टेकत उठले. “पोरगी छान आहे. हिचे सात पूर्वज कोण? सात पिढ्यांत नातं निघालं तर लग्न नाही.” चित्रातल्या मुलीला कसले आलेत पूर्वज? तिलेक गडबडला आणि त्यानं स्वतःचेच सात धडाधड म्हणून टाकले. “आणि नवऱ्या मुलाचे?” बिचाऱ्याला दुसरे पाठ कुठून असणार! त्यानं तेच पुन्हा म्हटले. “तोबा तोबा! अरे गाढवा, भावाबहिणीचं लग्न लावतोस?” बायकांनी पोरांचे डोळे झाकले (लग्न केव्हाच आटोपलं होतं).

तिलेक घाईघाईनं म्हणाला, राजपुत्र कुठेतरी सापडलेला आहे असं समजा. “सापडलेल्याला मुलगी कोण देईल? कुणाचा कोण!” आजोबा गरजले. तेवढ्यात माझ्या मांडीवरून बारीक आवाज आला, “म्हणजे माझ्यासारखा? त्याच्याकडेपण मामा येत नाही?” कुणी कुणाकडे बघेना. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहून सांगून टाकलं, की राजपुत्र आमच्या घरातला आहे आणि माझा दादा नारीनहून येऊन त्याच्या सात पिढ्या सांगेल. आजोबा म्हणाले, ठीक आहे, तो येईपर्यंत लग्न थांबलं.

तेव्हा दादा, चित्रातल्या एका पोराला तुमचे पूर्वज उसने द्या.

तुमची (अजून रागावलेली)
सुयुमकान

ता. क. बुधवारच्या बसनं या. तुमचा आवाज सिनेमात घेणार आहेत. दर मेजवानीत तुम्ही सात पूर्वजांची नावं न विचारता म्हणता, इथे तर चक्क आमंत्रण आहे.

ता. क. आणखी एक. राजपुत्राचं काय, तिलेकच्या सासरचे पूर्वज मागून घेतले असते तरी भागलं असतं. तुम्हाला बोलावतेय ती अक्मारालसाठी. तुमच्या सातही पूर्वजांची नावं तिनं पाठ केली आहेत. चौथ्यापाशी अडखळते. तेवढं तुम्ही तिला सांगा.