चर्चला कव घालायला पुरतील इतकी माणसं

मी, डॉर्कस ऑलरेनशॉ, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार चर्चच्या फाटकालगतचं घर, मौजे हॅदरक्लो, परगणा डर्बीशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर हलतं ते संधिवातानं. कुणी मला भरीला घातलेलं नाही. भरीला घालायला घरात दुसरं माणूसच नाही.

१. घर जमीनदाराच्या इस्टेटीचं आहे, माझं नाही. तेव्हा त्यावरून कुणी भांडू नये.

२. पोस्टातली शिल्लक माझ्या दफनासाठी आणि नंतरच्या चहासाठी वापरावी. हॅम, फळांचा केक, भरपूर चहा. हॅम कापायला मिसेस हीथकोटच्या हाती सुरी देऊ नये, तिच्या कापातून पलीकडचं दिसतं. व्यवस्था आमचे पाळक रेव्हरंड लोमस यांनी पाहावी. त्यांना मी काही ठेवत नाही. त्यांच्याकडे आहे तेच सामान त्यांना आवरत नाही.

३. आता चर्चविषयी. मालमत्ता म्हणून नव्हे, पण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. सप्टेंबरातल्या एका रविवारी आमचं गाव चर्चला कव घालतं. सगळ्यांनी बाहेर, भिंतीकडे तोंड करून, हातात हात धरून उभं राहायचं आणि रिंगण पुरं करायचं. माझ्या आजोबांच्या लहानपणी चर्च लहानसं होतं, रिंगण सहज मिळायचं. मग गिरणीमालक मिस्टर थॅडियस क्रेसवेल यांच्या मनात आलं की रेल्वे येणार, हॅदरक्लोचं शहर होणार. त्यांनी उत्तरेची भिंत पाडून बाजूला अख्खं दालन वाढवलं, टोकदार कमानी उभारल्या, जुना चुना खरवडला आणि त्याबरोबर भिंतीवर रंगवलेले जुने संतही खरवडले. रेल्वे शेजारच्या खोऱ्यातून गेली. पैसे संपले. बाकीच्या खांबांच्या माथ्यावर दगडी पानं कोरली आहेत, दोन खांबांवर नुसते ओबडधोबड ठोकळे आहेत. मनोऱ्यावर कळस चढलाच नाही. शहर झालं नाही, पण चर्चचा घेर मात्र शहराला शोभेलसा झाला.

क्रेसवेलसाहेब माझ्या जन्माआधी वारले, तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. एवढंच की, सकाळी त्यांनी बसवलेल्या पूर्वेच्या खिडकीतून निळा-तांबडा उजेड फरशीवर पडतो, तेव्हा झाडू हातात धरून मी थोडी थांबते. तेवढ्यापुरतं सोडून देते.

४. घेर वाढल्यापासून घरटी सगळे आले तरच रिंगण जेमतेम मिळे. माझी बहीण केझाया हिनं समोरच्या चॅपलमधल्या, म्हणजे आमच्या चर्चमधून फुटून निघालेल्या पंथातल्या, इनॉक स्लॅकशी लग्न केलं. चॅपलवाले आमच्या रिंगणात येत नाहीत, हे सगळं रोमच्या पोपचं थोतांड आहे म्हणतात. त्या वर्षी एका माणसाची जागा उरली. मी हात लांब करून उभी होते, केझाया रस्त्यापलीकडे नवऱ्याशेजारी उभी होती. मी तिला सगळ्यांदेखत हाक मारली. ती वळून घरात गेली. त्यानंतर रिंगण कधीच मिळालं नाही, आणि आम्हीही बोललो नाही. इनॉक गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. ती तिकडे एकटी, मी इकडे एकटी. तिला मी काहीएक ठेवत नाही आणि तिनं येऊही नये.

५. हिवाळ्यात कित्येक रविवारी चर्चमध्ये पाळक आणि मी, दोघंच असतो. ते म्हणतात, "प्रभू तुम्हांबरोबर असो," आणि अख्ख्या मंडळीच्या वतीनं उत्तर मी एकटी देते. आवाज त्या रिकाम्या दालनात फिरून माझ्याकडेच येतो. पुढच्या वर्षी चर्चला कुलूप लागणार असं वरून कळलं आहे. म्हणून माझी इच्छा अशी: दफनाच्या दिवशी माझी पेटी चर्चच्या आत ठेवावी आणि बाहेरून चर्चला पुरी कव घालावी. मला कुणी कवेत घेतल्याला फार वर्षं झाली. एवढं एकदा व्हावं.

६. नुसतं बोलावून कुणी येणार नाही, गाव मी ओळखून आहे. म्हणून गावातल्या प्रत्येकाला, चॅपलवाल्यांनाही, काही ना काही ठेवलं आहे. रिंगण मिळेपर्यंत जो हात सोडणार नाही त्यालाच वस्तू मिळेल. घरपोच काही धाडू नये.

शिवणयंत्र मिसेस वाइल्डगूजला. घड्याळ तिच्या नवऱ्याला. ते मागे पडतं हे त्यानं मला इतकी वर्षं ऐकवलं, आता घरी नेऊन पुढे करावं. मुरंब्याचं पितळी पातेलं बार्बर भगिनींना, दोघींत मिळून, म्हणजे दोघींना यावं लागेल. शिडी हीथकोटला. पहिली त्यानं परत केलीच नाही, आता जोडी होईल. कोंबड्या पोस्टमनला. मांजर ज्याच्याकडे जाईल त्याचं. खुर्च्या, बशा, चादरी, कुदळ, खुरपी यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. मी हिशेब करून पाहिला आहे. सगळे आले तर पुरेल, असं वाटतं.

७. इथवर लिहून मी पाळकांना वाचायला दिलं. ते हसले आणि मग हसायचे थांबले.

"मिस डॉर्कस, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. साक्षीदार दोन लागतात. एक मी. दुसरा कुठून आणायचा? तुम्ही तर सगळं गाव वाटून टाकलंत."

एखाद्याचं नाव काढा, म्हणाले. पण नाव काढलं की तो माणूस येणार नाही, आणि रिंगण पुन्हा एका माणसावरून अडेल. परगावाहून कुणी आणू का, असंही म्हणाले. मी खिडकीतून रस्त्यापलीकडे पाहत बसले. शेवटी मीच म्हटलं, तिला विचारा.

केझाया ॲप्रनवरच आली. बसली नाही. चौथं कलम तिनं उभ्याउभ्या वाचलं, मग सहावं.

"मला खरंच काही नाही?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"चमचासुद्धा?"

"चमचासुद्धा नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर मी आले असते तर गाव म्हणालं असतं, पातेल्यासाठी आली."

तिनं पाळकांकडून पेन मागून घेतलं. मृत्युपत्र करणारीनं आधी सही करायची असते, असं पाळक म्हणाले, म्हणून ती माझ्यासाठी थांबली आहे. चौथ्या कलमाच्या शेवटचं 'तिनं येऊही नये' एवढं मी रद्द करते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदार समोर असताना सही करत आहे.

हॅदरक्लो, ता. १४ मार्च १९६२

सही: डॉर्कस ऑलरेनशॉ

साक्षीदार:

१. रेव्ह. हर्बर्ट लोमस, पाळक, हॅदरक्लो

२. केझाया स्लॅक, विधवा, सख्खी बहीण. मला काही मिळणार नाही हे वाचून सही केली. कोणाच्या शेजारी उभं राहायचं तेवढं पाळकांनी सांगावं.