तिरप्या मानेचे पक्षी

प्रिय ऑस्बर्ट,

अक्षरं वेडीवाकडी आहेत, सांभाळून घे. पदकांवर सरदारांची ब्रीदवाक्यं कोरता कोरता जेवढं लिहायला आलं तेवढंच. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं हे पत्र नाही.

लंडनमधली थंडी सरत आलीय. भट्टी रोज पेटते. युद्धाने घोडे सजवायची हौस कमी झालेली नाही, उलट वाढलीय. जो तो घोड्याच्या छातीपट्ट्यावर घराण्याची चिन्हं लोंबकळवून मिरवतो. तांब्यात खाच कोरायची, काचेची पूड भरायची, भाजायची, घासायची; दिवस निघून जातो. संध्याकाळी जड जातं. पदक उजेडात धरून मी अजून मोठ्याने विचारते, "लाल बरा उतरलाय ना?" मग मीच म्हणते, "बरा आहे."

काही वर्षांपूर्वी तू समुद्रापलीकडे, बोर्दोला, तापाने गेलास असं एका खलाशाने येऊन सांगितलं, त्याच हिवाळ्यात बाबाही गेले. तुझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. साजकऱ्यांच्या मंडळाने मला विधवा म्हणून भट्टी चालवू दिली. शेजारचा लगामवाला हॅमो दर रविवारी येऊन बसतो. "इडोनिया, एकटी बाई किती दिवस हातोडा मारशील?" म्हणतो. मी म्हणते, "तुझ्या डोक्यात बसेपर्यंत." तो हसतो. वाईट माणूस नाही. पण तो उठून गेला की बरं वाटतं, आणि मग थोड्या वेळाने तेही वाटत नाही.

मागच्या आठवड्यात सर रेजिनाल्डचा मोतद्दार विल्किन बोर्दोहून परतला. घोड्याचा साज घासायला घेऊन आला. लाल जमिनीवर पांढरे पक्षी, आपणच केलेली पदकं. बाकीची माझ्या हातची होती, सरळ मानेची. एकातल्या पक्ष्यांच्या माना मात्र तिरप्या, कुणीतरी हाक मारल्यासारख्या. बाबा तुला ओरडायचे ते आठवलं. "जावईबापू, सरदाराचं चिन्ह आहे हे, परसातली कोंबडी नाही!" आणि तू म्हणायचास, "पक्षी आहे, इकडेतिकडे बघणारच." तुझ्या हातचं प्रत्येक पदक त्यांनी फिरून मलाच करायला लावलं होतं. साज इथून गेला तेव्हा तुझं एकही त्यावर नव्हतं.

मी म्हटलं, "विल्किन, हे कुठलं?"

"ते होय! एक वाटेत पडलं, म्हणून गेल्या उन्हाळ्यात बोर्दोत नवं करून घेतलं. जमलं नाही ना? मीही म्हटलं त्याला, माना वाकड्या झाल्यात. तर हसला."

"कोण कारागीर?"

"आपल्याकडचाच असावा, बोलण्यावरून. नाव नाही विचारलं. लहान मुलगी त्याच्या गळ्यात पडून खेळत होती, आणि हा तसाच कोरत होता. बायको आतून ओरडत होती."

मी खाली बसले. विल्किनने पाणी आणून दिलं. भट्टीची धग लागली, असं मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला.

आपली पोर, सेसिली, गेल्यावर तुला हे घर खायला उठलं, हे मला दिसत होतं. सैन्याबरोबर साज दुरुस्त करायला निघालास तेव्हा मीच तुझ्या पिशवीत हत्यारं भरली. घर मलाही खायला उठत होतं, ऑस्बर्ट. पण बाबा अंथरुणाला खिळले होते.

रागावून लिहीत नाही. राग आला होता; त्या दिवशी अंगात दम राहिला नाही इतका भाता ओढला. मग सरळ मानेचं नवं पदक करून साजात बसवलं आणि तुझं वितळवलं. कुणी ओळखलं असतं तर मी विधवा राहिले नसते, टाकलेली बाई झाले असते, आणि तिला मंडळ भट्टी देत नाही.

विल्किन उरलेले घोडे आणायला पुन्हा तिकडे निघालाय. मुलगी गळ्यात घेऊन काम करणाऱ्या कारागिराला हे पत्र दे, एवढंच त्याला सांगितलंय. तांब्याच्या कामाचं काही असेल असं त्याला वाटतंय. आपल्याकडच्या सरदारांची कामं यापुढे घेऊ नकोस. त्यांचे घोडे परत येतात. उत्तरही पाठवू नकोस. ही ताकीद आहे खरी, पण नुसत्या तिच्यासाठी मी एवढं लिहायला बसले नसते. तू जिवंत आहेस, ही बातमी आठवडाभर छातीत घेऊन फिरतेय. हॅमोला सांगता येत नाही, पाद्र्याला सांगता येत नाही. कुणाला तरी सांगायलाच हवी होती, आणि सांगण्यासारखं माणूस तुझ्याशिवाय कुणी नाही.

लोकांच्या लेखी तुझी विधवा,
इडोनिया