सासऱ्यांची गाडी, एप्रिल ते ऑक्टोबर

४ मार्च
सासऱ्यांच्या मोटरसायकलचं काम आजपासून हातात घेतलं. दोष साधा आहे. इंजिन चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही. लाल दिवा विझत नाही आणि पंधरावीस किलोमीटरवर गाडी मरते. मी तेहतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आहे. दोन शनिवार पुरतील.

इंजिनचं पुढचं झाकण काढलं. आत काळी, चिकट घाण. शिसारी आली. बॅटरीकडे वीज पाठवणाऱ्या डायोड प्लेटपाशी एक तपकिरी वायर लोंबत होती. एक टोक प्लेटला, दुसरं कशालाच नाही. अर्धवट काम करून सोडायची सवय या घराण्यात आहे. मी वायर व्यवस्थित गुंडाळली, प्लास्टिकच्या पट्टीनं बाजूला बांधली आणि तिला चिठ्ठी लावली: काम नाही. ठळक अक्षरात, दोन गाठी मारून.

सुरुवात चांगली झाली.

५ मार्च, रविवार
सकाळी दहाला फक्त स्टार्टर दाबून पाहिला. बॅटरी मेलेली, नुसता टक् असा आवाज. तेवढ्यावर शेजारच्या टीडेमानबाई कुंपणाशी हजर. म्हणाल्या, मास्तर, आज रविवार आहे, आवाजाला बंदी, विसरलात वाटतं. मी म्हटलं, आवाज कुठे झाला? त्या म्हणाल्या, होणार होता ना.

दुपारी जेवताना माझ्या बायकोनं, इर्मट्राउटनं, अट घातली. तिचे वडील दर शरदात या गाडीवरून श्टाइनहूडच्या सरोवराला जात आणि धुरी दिलेला ईल मासा वर्तमानपत्रात बांधून आणत. ते गेल्यापासून चार वर्षं गाडी माझ्या ताब्यात आहे आणि ईल एकही आलेला नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर ०४-१० असं छापलं आहे, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने ती रस्त्यावर आणता येते. ती म्हणाली, या वर्षी प्लेटवरचा दहावा महिना संपायच्या आत गाडी सरोवराला जाऊन ईल घेऊन परत आली, तर राहील. नाहीतर हार्टविगला देऊन टाकू. गॅरेजमध्ये मला मातीकामाची भट्टी लावायची आहे.

हार्टविग तिचा भाऊ. पाव भाजतो. त्याच्या कानातसुद्धा पीठ असतं. अशा माणसाच्या हाती पन्नास वर्षांचं इंजिन जाणार, या कल्पनेनंच मी चमचा खाली ठेवला.

अट मान्य केली. आठ महिने आहेत. हास्यास्पद अट.

११ मार्च
नवी बॅटरी बसवली. दिवा लालच.

१८ मार्च
नवा रेग्युलेटर बसवला. दिवा लालच. आजकालच्या मालाला दर्जा नाही.

१ एप्रिल
मोसम सुरू. सकाळपासून गल्लीतून गाड्यांचा गोंगाट. चामड्याच्या पँटी घातलेली पोटं. चौकातल्या टपरीवर सॉसेज खात उभी राहतात आणि एकमेकांच्या सायलेन्सरकडे वाकून बघतात. मी खिडकी लावून घेतली. पहिल्या दिवशी निघणं हा हावरटपणा आहे. मी मुद्दामच थांबलो आहे.

२२ एप्रिल
डायोड प्लेट तपासायची म्हणून झाकण पुन्हा काढलं. पुस्तकात लिहिलं आहे, आधी बॅटरीची वायर सोडवा. ही सूचना नवशिक्यांसाठी असते. मार्चमध्येही मी सोडवली नव्हती, काही झालं नव्हतं.

(तेव्हा बॅटरी मेलेली होती. हे नंतर सुचलं.)

झाकण निघता निघता प्लेटला टेकलं. निळी ठिणगी, फट् असा आवाज, मग जळक्या रबराचा धूर. वास अजून मिशीत आहे.

यातून एक निष्पन्न झालं. प्लेट खराबच होती. आता ती खात्रीनं खराब आहे.

६ मे
नवी प्लेट ल्युडेकेच्या दुकानातून आणली. ल्युडेके माझा जुना विद्यार्थी. नववीत मी त्याला पाच दिला होता, म्हणजे नापास. आता त्याचं सुट्या भागांचं दुकान आहे आणि नखं काळी आहेत. काउंटरवरूनच म्हणाला, सर, अर्थिंग बघितलंत का? या गाड्यांचं निम्मं दुखणं अर्थिंगचं असतं. मी विचारलं, ओहमचा नियम सांगता येईल का? तो हसला. म्हणाला, तो मला तेव्हाही आला नाही सर, पण दुकान चालतंय.

ओशाळायला हवं होतं त्यानं. मला लिव्हरसॉसेजचा तुकडा देऊ केला, त्याच हातानं.

प्लेट बसवली. तपकिरी वायर नव्या प्लेटला जोडली, दुसरं टोक पूर्वीसारखंच गुंडाळून बांधलं, चिठ्ठीसकट. माझ्याइतकी टापटीप ल्युडेकेच्या जन्मात होणार नाही.

दिवा लालच.

१३ मे
म्हणजे रोटर, वीज तयार करणारा फिरता भाग. दुसरं काही उरलंच नाही. रोटर ओढून काढायला एक खास कडक बोल्ट लागतो. तो ल्युडेकेकडे आहे. त्याच्याकडे मागण्यापेक्षा साधा बोल्ट कापून वापरला. तत्त्व तेच.

साधा बोल्ट आत तुटला.

१५ ते २७ मे
लिहिण्यासारखं काही नाही.

३ जून
ल्युडेकेनं तुटका बोल्ट काढून दिला. चार मिनिटं लागली, शीळ घालत काढला. जुना रोटर मीटरवर तपासून म्हणाला, सर, हा तर ठणठणीत आहे. मी नवाच घेतला. मीटरवर विश्वास ठेवणं ही या पिढीची खोड आहे.

नवा रोटर बसवला. दिवा लाल. आता मात्र या दिव्याचीच किळस यायला लागली आहे. गॅरेजमध्ये शिरलं की तोच आधी दिसतो, दुखऱ्या डोळ्यासारखा.

१० जून
मूळ प्रश्न आज लक्षात आला. दिवा हा केवळ सूचक आहे. सूचक म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. त्यावर काळी टेप लावली.

फार बरं वाटलं.

१८ जून, रविवार
बॅटरी रात्रभर घरच्या चार्जरवर लावून ठेवली होती. सकाळी सरोवराकडे निघालो. इर्मट्राउट फाटकात उभी होती. तिनं हात केला. बऱ्याच वर्षांनी केला असावा. इंजिन उत्तम. राईची पिवळी शेतं, वारा, सगळं. बाराव्या किलोमीटरला मनात ईलची ऑर्डर देऊनसुद्धा झाली. मला ईल आवडत नाही. कातडं ओलं रबर, आत चरबी. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

सतराव्या किलोमीटरला खोकली, अठराव्याला बंद.

मी फक्त घरी कळवलं होतं. हार्टविगला फोन इर्मट्राउटनं केला. मी सांगितलं नव्हतं. तो पावाची व्हॅन घेऊन आला. गाडी पावाचे ट्रे ठेवायच्या रॅकला दोऱ्यांनी बांधली आणि मी पुढे, खमिराच्या वासात. तो म्हणाला, दाजी, दिव्यावर टेप का हो? मी म्हटलं, चकाकतो. त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, बाबा म्हणायचे, ही गाडी सांगते तुम्हाला सगळं, फक्त ऐकून घ्यायचं. बाबा असेच बोलायचे. पदार्थविज्ञान त्यांनाही येत नव्हतं.

व्हॅनमधून उतरलो तेव्हा पँटला मागून पीठ. टीडेमानबाईंनी ते दाखवून दिलं.

जुलै
उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतात. अशा वेळी नाजूक काम करू नये.

१२ ऑगस्ट
नवा विचार. आजवर मी चार्जिंगच्या मागे लागलो, पण बॅटरी खातं कोण? इग्निशन. जुने पॉइंट, जुना कंडेन्सर, जुन्या कॉइल. ते सगळं काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं. खाणं कमी झालं की चार्जिंगची गरजच कमी होईल. इतका सरळ विचार कुणाला सुचला कसा नाही?

हार्टविगला इर्मट्राउटनं हे फोनवर सांगितलं. फोनमधून त्याचं हसणं स्वयंपाकघरभर ऐकू आलं. मग तिनं माझ्यासमोर फोन धरला. तो म्हणाला, दाजी, गळकी बादली भरत नाही म्हणून तुम्ही रोपं उपटताय. मी फोन परत दिला. बेकरीवाल्याकडून मी उपमा घेत नाही.

१९ ऑगस्ट
जुनं सगळं उपटलं. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. बिस्किटांच्या डब्यात भरलं. डबा चरबट झाला. इर्मट्राउटनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबा मलाच ठेवायला सांगितला.

२ सप्टेंबर
इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. काळी वायर, हिरवी वायर, लाल वायर, सगळ्या आपापल्या जागी. शेवटी उरली एक तपकिरी. पुन्हा तपकिरी! नकाशात ती तीन आडव्या रेघांपाशी संपते, म्हणजे कुठेच जात नाही. पहिल्या तपकिरीच्या शेजारी बांधली. एकाच चिठ्ठीत दोघी.

आता इंजिन चालूच होत नाही.

३ सप्टेंबर, रविवार
चालू होत नाही. टीडेमानबाई म्हणाल्या, मास्तर, हल्ली बरी शांतता असते तुमच्याकडे.

१६ सप्टेंबर
प्लग बदलले. ठिणगी नाही.

२३ सप्टेंबर
प्लगच्या टोप्या बदलल्या. ठिणगी नाही. टोप्या बदलताना बोटाला चिमटा बसला, नख निळं पडलं. माझेच हात मला ओळखू येईनासे झाले आहेत. ल्युडेकेच्या हातांसारखे दिसतात. ब्रशनं घासले, निघत नाही.

७ ऑक्टोबर
इर्मट्राउट गॅरेजमध्ये टेप घेऊन आली. काळी टेप नव्हे, मोजायची. माझ्या पायांच्या मधून जमीन मोजली. भट्टीची रुंदी पंच्याऐंशी सेंटीमीटर. मी म्हटलं, अजून तीन आठवडे आहेत. ती म्हणाली, मी कुठे काय म्हणतेय?

तिनं सीटवर हात ठेवला. लहानपणी ती टाकीवर बसायची, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये. हे तिनं मला आज सांगितलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली.

मी म्हटलं, टाकीवर बसणं नियमाविरुद्ध आहे.

२८ ऑक्टोबर
संपूर्ण वायरिंग पुन्हा तपासलं. माझं काम निर्दोष आहे. दोष गाडीत आहे.

३१ ऑक्टोबर
आज सुट्टी, दुकानं बंद. मोसमाचा शेवटचा दिवस. ल्युडेकेचं दुकान उघडं असतं तर मी आज नक्की यशस्वी झालो असतो, ही नोंद राहावी.

एक वाजता हार्टविग ट्रेलर घेऊन आला. सोबत कांद्याचा केक. कांदा, चरबी, जिरं. वासानं गॅरेज भरलं. म्हणाला, दाजी, नेण्याआधी जरा बघू का? बघ, म्हटलं. जिथे मला जमलं नाही तिथे.

त्यानं आधी बॅटरीची वायर सोडवली. मग झाकण काढलं. मग गुडघ्यांवर बसला आणि डोकं आत घालून बघू लागला. मला वाटलं, माझं काम पाहून थक्क झाला. त्यानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. पुन्हा वाचली. मग जमिनीवर बसून इतका हसला की इर्मट्राउट स्वयंपाकघरातून धावत आली.

म्हणाला, ताई, दाजींनी अर्थिंग बांधून ठेवलंय. दोन्ही. चिठ्ठी लावून.

मी म्हटलं, तपकिरी वायर कुठेच जात नव्हती. तो म्हणाला, दाजी, ती इंजिनाला जाते. परत जायला वाट नको का?

परतीची वाट असल्याशिवाय प्रवाह वाहत नाही. हे वाक्य मी वर्षातून सहा वर्गांना फळ्यावर लिहून दिलं आहे. तेहतीस वर्षं. खाली दोन रेघा मारून.

त्यानं पट्टी कापली, दोन्ही टोकं खरवडली, इंजिनाच्या एका बोल्टखाली आवळली आणि झाकण लावून बॅटरी पुन्हा जोडली. पुसायला माझा रुमाल घेतला. सगळं मिळून दहा मिनिटं, त्यात केक खाणंही आलं. स्टार्टर दाबला. पहिल्याच दाबाला चालू. टेप नखानं काढली. खाली दिवा विझलेला होता.

दोन वाजले होते. मी हेल्मेट आणायला वर गेलो. खाली आलो तर इर्मट्राउट गाडीवर बसलेली. पुढे. वडिलांचं चामड्याचं जॅकेट घातलेलं, बाह्या दुमडलेल्या. तिच्याकडे लायसन्स आहे. सतराशे वेळा विचारायचं राहून गेलं असेल माझ्याकडून. मागे हार्टविग, तिच्या कमरेला धरून, केकचा तुकडा तोंडात.

गल्लीच्या टोकाला ती डावीकडे वळली. हात न दाखवता. मी पाहिलं.

पावणेपाचला परत आले. वर्तमानपत्रात ईल. टीडेमानबाई कुंपणाशी उभ्या होत्या. सुट्टीचा दिवस, तो आवाज, तरी टाळ्या वाजवत होत्या.

जेवताना मी नोंद करून दिली की अट अक्षरशः पूर्ण झाली आहे. गाडी सरोवराला गेली, ईल घेऊन परत आली, महिना संपायच्या आत. तेव्हा ती राहते. इर्मट्राउट म्हणाली, हो, राहते ना. हार्टविगकडे राहते, मी रविवारी तिथे जाऊन चालवणार आहे. हार्टविगनं ईलचं कातडं सोलून माझ्या ताटात पहिला तुकडा ठेवला. दोघं बघत होते. खाल्ला. गिळायला वेळ लागला.

१ नोव्हेंबर
सकाळी गाडी ट्रेलरवर चढली. मार्चपर्यंत तिला रस्त्यावर जागा नाही आणि आता इथेही नाही. भट्टी गुरुवारी येते. तिच्या वायरिंगचं मी बघतो म्हणालो. इर्मट्राउट म्हणाली, नको, ल्युडेकेचा भाऊ इलेक्ट्रिशियन आहे, त्याला सांगितलंय.

मला झाडायचं काम दिलं आहे. झाडलं. तेलाचा डाग निघत नाही. बिस्किटांचा डबा कुठे ठेवावा कळेना.

संध्याकाळी कामाचा कोट खुंटीला लावायला गेलो, तर तिथे माझी चिठ्ठी बांधलेली. काम नाही. गाठी दोन, व्यवस्थित, माझ्या पद्धतीनं. इर्मट्राउटनं हे केव्हा केलं कळलं नाही.

अक्षर सुरेख आहे. चिठ्ठी राहू दिली.