फलक कोरा ठेवायचा नाही

अब्बा, फलक अजून चालू आहे. चौकातला नव्हे. तो तुमच्यामागं भिंतीसकट गेला, तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. माझा चालू आहे. त्याला वेबसाइट म्हणतात. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच आला असता की पावसात पुसला जातो का. पुसला जात नाही, पण लाईट गेली की दिसेनासा होतो. म्हणजे मी तुमच्यापेक्षा फार पुढं गेले असं काही समजू नका.

दुकान छत्र्या दुरुस्तीचं आणि समोरच्या भिंतीवर पेठेचा वार्ताफलक. तो लिहायचं काम तुम्हाला कुणी दिलं नव्हतं आणि त्याचा पैसाही कुणी देत नव्हतं. अक्षर चांगलं म्हणून लिहायला लागलात आणि मग लिहीतच राहिलात. कुणाकडं मयत, कधी पाणी नाही, कुणाच्या किल्ल्या सापडल्या. शाळेतल्या बाई खडूचे उरलेले तुकडे पुडीत बांधून द्यायच्या. ते तुम्ही साखरेच्या पाण्यात भिजवायचात, म्हणजे अक्षर ठळक उठतं आणि भुरभुर पावसाला दाद देत नाही. अम्मी साखरेच्या डब्यावर पहारा ठेवायची. एकदा 'उद्या पाणी येणार नाही' या ओळीला मुंग्या लागल्या, तेव्हा ती म्हणाली, लिहा अजून, मुंग्यांची तरी सोय झाली.

मी सातवीत असेन. तुम्हाला ताप होता म्हणून फलक लिहायला मला पाठवलंत. पेठेत घडलंच काही नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, पाणीही वेळेवर आलं होतं. मी ओल्या फडक्यानं फळा स्वच्छ पुसला आणि तसाच ठेवून घरी आले. तुम्ही अंथरुणात उठून बसलात. आवाज चढवला नाहीत, तो तुम्ही कधीच चढवत नव्हतात.

"बातमी नसेल तर तारीख लिही, भाजीचा भाव लिही. फलक कोरा दिसला की लोकांना वाटतं, लिहिणारा गेला."

मी परत गेले, तारीख टाकली आणि खाली 'कोथिंबीर महाग' असं लिहून आले. त्यानंतर काही महिन्यांनी ते नगरसेवक दुकानात आले. नवा फलक देतो, वर ट्यूबलाईट लावतो, फक्त माथ्यावर आमचं नाव ऑइलपेंटनं राहील, म्हणाले. तुम्ही त्यांना चहा पाजलात, सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "छत्री दुरुस्त करायची असेल तर आणा. बाकीचं आपल्याला परवडायचं नाही." दुसऱ्या दिवशी फलकाला कुणीतरी डांबर फासलेलं. तुम्ही दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंत आणि त्यावर बातम्या लिहिल्यात. नवा काळा रंग मिळेपर्यंत तुम्ही आणि तुमची गिऱ्हाइकं वाकून आत शिरत होती. मला तुमचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

आता माझं ऐका. मी पेठेपासून लांब, मांजरी गावात एका खोलीत राहते, लग्नपत्रिका टाइप करते. तेही काम आटलंय, पत्रिका आता लोक फोनवरच करतात. स्क्रीन फुटलेला एक लॅपटॉप प्रेसवाले भंगारात काढत होते, तो मी मागून आणला. स्वयंपाकाच्या फळीवर, पोह्यांच्या डब्याशेजारी तो रात्रंदिवस चालू असतो. जगात कुठंही कुणी माझा फलक उघडला की पान या फळीवरून जातं. चित्रं नाहीत, चकचकाट नाही, नुसती अक्षरं, म्हणून एवढ्यात भागतं. त्याची बॅटरी मेलेली आहे. म्हणून वर पाटी लावली आहे: वीज नसल्यास फलक बंद राहील, दुरुस्ती चालू आहे का असे विचारू नये.

आपल्या पेठेतली माणसं येरवड्यापासून पार परदेशापर्यंत पांगली. कुणाचं काही झालं की मला कळवतात, मी लिहिते. काहीच नसेल तर तारीख, आणि भेंडी चिकट झाली की नाही ते. भाईजान म्हणतात, कशाला हा उपद्व्याप, फोनवर ग्रुप कर, फुकट आहे. मी म्हटलं, ग्रुपमध्ये माणसाला आत घ्यावं लागतं. फलक येणाराजाणारा कुणीही वाचतो. मध्यंतरी इथल्या एका बिल्डरचा माणूस येऊन गेला. सगळा खर्च आमचा, नवं मशीन देतो, वर फक्त आमच्या फ्लॅटची जाहिरात. मी चहा केला. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पत्रिका छापायची असेल तर सांगा. बाकीचं आपल्याला परवडायचं नाही." त्यानं विचारलं, वाचतं तरी कोण हे? मी म्हटलं, तुम्ही वाचलंत ना, म्हणून तर आलात. तोंड जरा पडलं त्याचं.

गेल्या गुरुवारी दिवसभर लाईट नव्हती. संध्याकाळी फोन वाजला. येरवड्याहून, शाळेतल्या त्याच बाई, खडूवाल्या. नव्वदीला टेकल्यात, आवाज पार बारीक झालाय. "सकाळपासून फलक दिसत नाही गं. आहेस ना?"

आहे म्हटलं, बाई. पाटी वाचली नाहीत का. तुम्ही गेलात त्या सकाळी चौकात कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. रात्री तुम्ही पुसून ठेवलेला फलक तसाच कोरा होता, आणि ऊन चढायच्या आत सगळी पेठ आपल्या दारात उभी होती.

हे पत्र फलकावर जायचं नाही आणि पाठवायला तुमचा पत्ताही नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. पांगलेल्या माणसांसाठी लिहिते असं मी सगळ्यांना ठणकावून सांगते, आणि ते खोटं नाही. पण मी एकटी राहते, अब्बा. एखाद्या दिवशी फलक कोरा राहिला तर कुणीतरी फोन करावा, म्हणूनही मी रोज तारीख टाकते.