दोन सह्यांची झडप

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय थोरल्या,

तुला, सूनबाईला आणि पोरींना खूप प्रेम. मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मोरीचा गळका नळ अखेर दुरुस्त झाला. वरच्या मजल्यावर नवे लोक राहायला आलेत. त्यांचा एक कुत्रा आहे, तो मला जिन्यात गाठून माझे पाय हुंगत बसतो. सुजलेल्या पायांत त्याला काय सापडतं देव जाणे. तू पाठवलेल्या गोळ्या वेळच्या वेळी घेते. मीठ बंद केलंय. आडवं पडलं की धाप लागते, म्हणून खुर्चीतच डोळा लावते.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता. दोनदा तुझ्या असिस्टंटने उचलला, "सर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत" म्हणाला. एकदा तू उचललास आणि "आई, दोन मिनिटांत करतो" म्हणालास. ती दोन मिनिटं अजून चालूच आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी जन्मभर परक्यांचे फोन जोडून दिले, पण पोटच्या पोराचा काही लागत नाही. म्हणून पत्र.

मागच्या आठवड्यात मी एका डॉक्टरबाईंना दाखवून आले. तुमच्या हॉस्पिटलात नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला. शेजारच्या शिंपीणबाई सोबत आल्या होत्या. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. बाई काय म्हणाल्या ते सांगणार आहेच, पण आधी मला बोलू दे. दीड वर्ष तुम्ही दोघं भाऊ बोलताय आणि मी ऐकतेय.

माझ्या हृदयाची झडप नीट मिटत नाही हे तुम्हीच शोधून काढलंत. तिची एक दोरी तुटलीय, त्यामुळे रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे फुफ्फुसाकडे येतं. तू मला तुझ्या खोलीत नेऊन तपासलंस, दोन दिवसांनी धाकट्याने त्याच्या खोलीत. तोच गार जेल, तोच पडदा, तीच धडधड. गळती खूप आहे आणि लवकर काहीतरी करायला हवं, यावर तुम्हा दोघांचं एकमत झालं. मला केवढं बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, माझ्या दुखण्याच्या निमित्ताने का होईना, पोरं एका सुरात बोलली.

तू म्हणालास, "छाती उघडून झडप नीट शिवून घेऊ. एकदाच काय तो त्रास, पुढे बघायला नको."

तो म्हणाला, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी छाती कशाला उघडायची? मांडीतनं नळी घालू, झडपेच्या दोन पाकळ्यांना मधे क्लिप लावू. चार दिवसांत घरी येशील, आई."

तू म्हणालास, "क्लिप लावूनही गळत राहिली, तर नंतर शिवायला धड जागा उरत नाही. त्याला सांग."

तो म्हणाला, "हृदय थांबवून मशीनवर घातल्यावर या वयात काय काय होतं ते त्याला ठाऊक नाही का? त्याला विचार."

त्याला सांग, त्याला विचार. एकाच इमारतीत तू दुसऱ्या मजल्यावर, तो तिसऱ्या, आणि निरोप्या मी. तुम्ही एकमेकांना सुतार आणि प्लंबर म्हणायला लागलात तेव्हा मीही हसले होते. तू करवत घेऊन छाती उघडणार, तो नळ्या घालणार, त्यात खोटं काय होतं? पण पुढे त्याने नळीतून झडपा बसवायला सुरुवात केली, तुझ्या टेबलावरचे पेशंट त्याच्याकडे वळायला लागले, आणि तू भर बैठकीत सगळ्यांसमोर त्याला प्लंबर म्हणालास. त्यानेही तिथल्या तिथे परतफेड केली. तेव्हापासून तुमच्यात बोलणं नाही. मोठ्या माणसांची भांडणं असली की त्यांना मतभेद म्हणतात. मला तर त्यात सायकलवर आधी कोण बसणार हेच दिसतं.

बरं, तुमच्या हॉस्पिटलचा नियमही असा, की झडपेच्या पेशंटला हात लावायच्या आधी शस्त्रक्रिया करणारा आणि नळीवाला, दोघांच्या सह्या हव्यात. नियम चांगला आहे, एकाच्या हट्टापायी पेशंट मरू नये म्हणून केलेला. इतरांच्या वेळी तुम्ही नाक मुरडत का होईना, सह्या केल्यात. भाजीवालीच्या नवऱ्यासाठी केल्यात, त्या शाळामास्तरांसाठी केल्यात. माझी फाइल आली की मात्र पुढच्या बैठकीत बघू.

एकदा मलाच त्या बैठकीत बोलावलं. तुमचे मोठे साहेब चांगले माणूस, उठून खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, दोन्ही मार्ग शक्य आहेत. तुमची स्वतःची काय इच्छा?" मी त्या वेळी तोंड उघडलं असतं रे. पण तुम्ही दोघं माझ्याकडे बघायला लागलात. डॉक्टर पेशंटकडे बघतात तसं नाही. भांडण झाल्यावर आई कुणाची बाजू घेते म्हणून बघायचात, तसं. टेबलाच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला तो, दोघांचे कान लाल. मी शिवायला सांगितलं असतं तर धाकटा कायमचा हरला असता. क्लिप म्हटलं असतं तर तू. मी म्हटलं, "तुम्ही दोघं मिळून ठरवा, मला दोन्ही चालेल." साहेबांनी मान डोलावली. तू बाहेर आल्यावर म्हणालास, "तू त्याला घाबरतेस." त्याने घरी येऊन तेच तुझ्याबद्दल सांगितलं.

आणि एक गोष्ट मला आजपर्यंत कळलेली नाही. सख्ख्या माणसावर डॉक्टरने हात चालवायचा नसतो हे तूच मला सांगितलंस. म्हणजे शिवणार होते तुझे साहेब. क्लिप लावणार होता त्याचा जोडीदार. तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसणार होतात. मग कशासाठी रे एवढं?

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे माहीत असायला हवं. आधी बाजारातून येताना थांबावं लागायचं. मग जिन्यात. मग केस विंचरतानाही. दर वेळी तुम्ही गोळी वाढवलीत आणि दर वेळी "एवढ्यात ठरतंय" म्हणालात. दुसरीकडे जायचं माझ्याही मनात यायचं. पण दोन पोरं हृदयाचे डॉक्टर असताना आई परक्या दारात उभी राहिली तर लोक तुम्हाला काय म्हणतील, म्हणून मी घरात बसले. शेवटी शिंपीणबाईंनीच रिक्षा बोलावली आणि मला हाताला धरून बसवलं.

डॉक्टरबाई तुमच्याहून लहान असतील. त्यांनी खूप वेळ पडदा पाहिला. मग माझ्याकडे खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढतात तेव्हा काय असतं हे दोन डॉक्टरांच्या आईला सांगावं लागत नाही. म्हणाल्या, हृदय ताण सोसून सोसून सैल पडलंय, उजवी बाजूही गेलीय, फुफ्फुसातला दाब फार वाढलाय. आता छाती उघडली तर टेबलावरून उठणार नाही. क्लिप लावूनही काही उपयोग होणार नाही. औषधांनी धाप कमी ठेवू, त्रास होऊ देणार नाही. किती दिवस, ते मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तू डॉक्टर आहेस, रिपोर्ट सोबत जोडलाय, तुझं तू बघ.

मी त्यांना एकच विचारलं. म्हटलं, वर्षभरापूर्वी आले असते तर काय केलं असतंत? म्हणाल्या, "दोन्हीपैकी काहीही केलं असतं, आजी. तुमची झडप अशी होती की शिवूनही चाललं असतं आणि क्लिपनेही. कुणाला तरी फक्त करायला हवं होतं."

परतताना मी रडले नाही. मला राग आला होता आणि अजूनही आहे. तुम्ही दोघंही मूर्ख असतात तर मी नशिबाला बोल लावला असता. तुम्ही दोघंही बरोबर होतात. ते मला गिळता येत नाही.

आता माझं ऐक. हे वाचल्यावर तू पहिलं काय करशील ते मला ठाऊक आहे. तुझ्या मनात येईल, त्याने सही केली असती तर. तोही हेच म्हणेल. मी गेल्यावर माझ्या फोटोखाली उभे राहून तुम्ही एकमेकांना हेच ऐकवाल आणि उरलेला जन्म त्यावर काढाल. म्हणून हेच पत्र मी धाकट्यालाही लिहिलंय, तुझ्या जागी तो आणि त्याच्या जागी तू, बाकी अक्षराचा फरक नाही. दोन्ही पाकिटं एकाच वेळी पेटीत टाकणार आहे.

यायचं असेल तर दोघांनी मिळून या. एकटा आलेल्याला मी दार उघडणार नाही, आणि एकदा मी नाही म्हटलं की नाही, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आल्यावर माझी नाडी बघायची नाही. एकमेकांकडे बघून बोलायचं, माझ्यामार्फत नाही. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा.

घर भाड्याचं आहे, तेव्हा वाटणी करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. "आई वाचली असती", एवढंच मागे ठेवून जातेय. त्याचे दोन भाग करायचे नाहीत. ते तुलाही अख्खं आणि त्यालाही अख्खं.

तुझी, आणि तेवढीच त्याची,
आई