डावखुरी जोडीदार

प्रिय ताई,

रविवारी माझं सोललेलं नाक पाहूनसुद्धा तू काही विचारलं नाहीस, म्हणून लिहून कळवते. मी नापास झाले. तुला हसायचं असेल तर आधी हसून घे आणि मग पुढचं वाच. आणि नापास कशात, तर तपकिरी पट्ट्यात! जो पट्टा कॉलेजात असताना तुझ्या-माझ्या दोघींच्या कमरेला होता, जो आईने एकदा पांढऱ्या चादरींबरोबर भिजत घालून सगळ्या चादरी चहात बुडवल्यासारख्या केल्या होत्या, त्याच पट्ट्याच्या परीक्षेत तुझी ही पन्नाशीला टेकलेली बहीण सगळ्यांदेखत तोंडावर आपटली. माझ्याकडे ड्रायव्हिंग शिकायला येणारे लोक रोज विचारतात, 'मॅडम, कुठे ठोकलीत?' मी म्हणते, 'तुम्ही पुढे बघा.'

मी पुन्हा ज्युदोला जायला लागले तेव्हा तू फोनवर पोट धरून हसली होतीस. आपल्या मास्तरांच्या हॉलचं आता फर्निचरचं दुकान झालंय, मास्तर केव्हाच गेले, आणि आपली प्रमाणपत्रं घर बदलताना कुठे गडप झाली ते देवालाच माहीत. नव्या क्लासच्या मॅडमनी विचारलं, 'काकू, आधी काही केलंय का?' मी ताठ मानेने सांगितलं, तपकिरी पट्टा. त्यांनी 'अरे वा' म्हटलं आणि पांढरा पट्टा हातात ठेवला. या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. गळ्यात चोवीस तास शिट्टी, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शिट्टीच म्हणते. दिवसभर मी लोकांवर 'क्लच, क्लच' करून खेकसायचं आणि संध्याकाळी शिट्टीने माझ्यावर 'काकू, पाय!' म्हणून खेकसायचं. माझ्या कर्माची फळं मला त्याच दिवशी मिळतात, उधारी नाही.

पण सुरुवातीला फोनवर तू होतीस. पिवळा पट्टा मिळाला तेव्हा म्हणालीस, 'कावीळ झाल्यासारखी दिसत असशील.' नारिंगी मिळाला तेव्हा म्हणालीस, 'रस्त्यात उभी राहू नकोस, लोकांना वाटेल पुढे खोदकाम चालू आहे.' मी चिडायचे, फोन ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जोरावर अर्धा तास जास्त घाम गाळायचे. हिरवा मिळाला तेव्हा तू अर्धांगाच्या झटक्याने हॉस्पिटलात होतीस. निळा मिळाला तेव्हा घरी आली होतीस, पण फोन भाऊजींनी उचलला. 'सांगतो तिला,' म्हणाले. सांगितलं का गं त्यांनी? तुझ्याकडून एक वाकडा शब्द आला नाही. हिरव्यावर तर तुला किती बोलता आलं असतं. गेलं वर्षभर मी भाऊजींशीच बोलतेय. ती झोपलीय, ती दमलीय, तिला आज नको वाटतंय. भाऊजी भला माणूस आहे, पण बहीण म्हणून काही उपयोगाचा नाही.

परीक्षेत काय झालं ते तुला नीट सांगते, कारण तुझ्याशिवाय ते कोणाला कळणार नाही. जोडीदार म्हणून मला क्लासमधले दातांचे डॉक्टर दिले होते. माणूस आडदांड, पण इतका सभ्य की गादीवर आपटण्याआधीसुद्धा 'दुखणार नाही हं' म्हणतो. जागच्या जागी उभं राहून दाखवायचे सगळे डाव मी चोख केले. मग आलं चालता चालता पकड घेऊन फेकणं. मी पुढे सरकले, कोपर आत दाबलं, उजवा पाय बाहेरून वळसा घालून टाकला, आणि तिथे काहीच नव्हतं! तू डावखुरी. तुझा डावा पाय पुढे असायचा आणि डावा हात माझ्या कॉलरला. हे डॉक्टर बाकीच्या जगासारखे उजवा पाय पुढे टाकून उभे. मी त्यांच्या नसलेल्या पायाला वळसा घातला, माझ्याच झोकात त्यांच्या अंगावरून निसटले आणि नाकावर पडले. डॉक्टर जिथल्या तिथे. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, 'बाई, तुम्ही नेमक्या कोणाशी खेळताय?'

काय सांगणार त्यांना? मला मास्तरांचाच राग आला. त्यांच्या हॉलमध्ये मुली म्हणजे आपण दोघीच, म्हणून त्यांनी आपल्याला कायमचं एकमेकींच्या गळ्यात बांधलं. परीक्षेला आपापला जोडीदार आणायची मुभा होती, तिथेही मी तुला आणि तू मला. मी एका माणसापुरता ज्युदो शिकले, ताई, आणि इतकी वर्षं त्यालाच ज्युदो समजत राहिले. शिट्टीला हे पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. 'काकू, ही सवय मोडा,' ती म्हणते, आणि तिचं चुकत नाही, याचाच जास्त राग येतो. मी मोडायला बघते. आरशासमोर करते, गाडीत सिग्नलला थांबल्यावर पाय हलवते. सरावात जमतंही. पण जरा घाबरले की अंग आपलं थेट तुझ्याकडे धाव घेतं. मला या सगळ्याचा इतका वीट आलाय की परीक्षेनंतर पट्टा काढून पिशवीत कोंबला तो अजून बाहेर काढलेला नाही.

हेच सांगायला मी रविवारी तुझ्याकडे आले होते. खरं तर भांडायला आले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली होती, तुझ्या त्या डाव्या हाताच्या नावाने चांगला शंख करणार होते. आणि जिन्यात तुझी व्यायामवाली बाई भेटली. अर्ध्या वेळातच परत निघाली होती, कारण तू तिला जा म्हणालीस. मी विचारलं, काही आशा आहे का? ती म्हणाली, 'अहो, हात गेलेला नाही. बोटं हलतात. पण त्या मूठ मिटायलाच तयार नाहीत. चेंडू दिला तर टाकून देतात. म्हणतात, मला आता काय धरायचंय?' मग मी वर आले. तू खिडकीशी बसलेली, डावा हात शालीखाली झाकलेला. उजव्या हाताने चमचा धरून कसंबसं खात होतीस आणि भाऊजी तुझी हनुवटी पुसत होते. मला पाहून तू चमचा खाली ठेवलास आणि दहा मिनिटांत म्हणालीस, 'चल, निघ आता, तुला उशीर होईल.' मला कसलाही उशीर होत नव्हता. तरी मी गपचूप निघाले, आणि बसस्टॉपवर इतकी रडले की एका बाईने मला तिची जागा दिली.

म्हणून हे पत्र. फोनवर भाऊजी आहेत आणि समोर आले तर तू मला घालवून देतेस. तर आता ऐक. येत्या रविवारी मी ज्युदोचा जाड कोट घालूनच येणार आहे, बसमध्ये लोक बघतील तर बघू देत. तू खुर्चीतून उठायचं नाहीस. मी तुझ्यासमोर गुडघे टेकून बसेन. तू शाल बाजूला करायची आणि डाव्या हाताने माझी कॉलर धरायची. सुटली तर पुन्हा धरायची. चेंडू तुला पटत नसेल तर त्यात तुझं काही चूक नाही, तो कोणालाच पटणार नाही. मी पकड सोडवायला बघेन आणि दयामाया दाखवणार नाही, तूही मला कधी दाखवली नाहीस. परीक्षेसाठी तू नको आहेस मला. पुढच्या वेळी मी त्या डॉक्टरांनाच फेकणार, उजव्यांसमोर पाय कसा टाकायचा ते रडतकढत का होईना शिकणार. पण तुझा हात असा शालीखाली पडून राहिला आणि मी मात्र तो विसरायचा सराव करत राहिले, हे माझ्याने होणार नाही. तुला हे सगळं नको असेल तर भाऊजींकडून निरोप पाठवू नकोस, मी तो ऐकणार नाही. मी दार ढकलून आत येईन. मग तू मला धक्के मारून बाहेर काढ. पण डाव्या हाताने.

तुझीच,
अजून निळ्यातच अडकलेली
धाकटी